अजून थोडं भाजू दे

चॉकलेट मी सुरीने कापत नाही. फडक्यात गुंडाळून ओट्यावर ठेवते आणि खलबत्त्यातल्या बत्त्याने फोडते. सोलापूरच्या उन्हाळ्यात चॉकलेट फ्रिजबाहेर काढलं की बघता बघता त्याचा चिखल होतो. म्हणून ते दगडासारखं गोठवायचं आणि मग फोडायचं. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं की मला फोडायला आवडतं. खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा वर येऊन विचारून गेल्या, "फरशीचं काम काढलंय का?" मी म्हटलं, "नाही, बिस्किटं करतेय."

त्या रविवारी मी नेहमीपेक्षा जोरात फोडत होते, कारण अण्णा येणार होते. अण्णा म्हणजे माझे वडील. ते आईला परत न्यायला येणार होते आणि आईने बॅग भरून दाराशी ठेवली होती.

आई हिवाळ्यापासून माझ्याकडे होती. निवृत्तीनंतर ती दोघं वैरागला, गावच्या घरी राहायला गेली होती, आणि तिथे अण्णांनी तिला काठीने मारलं होतं. ती काठी त्यांना चालताना आधार असावा म्हणून मीच घेऊन दिली होती. जिना चढताना धापा टाकणारा म्हातारा, पण हात उचलताना त्याला कधी दम लागला नाही. शेजारणीने फोन केला, मी शिकवते त्या शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले आणि आईला नेसत्या साडीनिशी गाडीत घालून आणलं. तेव्हापासून नातेवाइकांचे फोन सुरू. या वयात हे शोभतं का, म्हातारा माणूस एकटा काय खाईल, लोक काय म्हणतील. ऐकून ऐकून शेवटी आईच परत जायला तयार झाली. ती मार खात होती तेव्हा यातल्या एकाचाही फोन आला नव्हता. मी लग्न का केलं नाही, असं हीच मंडळी मला विचारतात. माझ्या आईचं तोंड बघून विचारा म्हणावं.

तोंडाचं सांगते. मी आठवीत होते. अण्णा कचेरीत कारकून होते आणि आम्ही सोलापुरातच दोन खोल्यांत राहायचो. दिवाळीआधी आमच्या आळीतल्या बायका मैदा, पिठीसाखर, तूप घरून घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायच्या आणि नानकटाई भाजून आणायच्या. तिथे ट्रेसाठी झिंज्या धरण्यापर्यंत भांडणं व्हायची. आई दिवसभर त्या धगीत उभी राहिली आणि पत्र्याचा मोठा डबा भरून घेऊन आली. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांनी स्वतःच्या हाताने काढून खाल्ली आणि झाकण तसंच उघडं टाकून झोपले. त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला होता. नानकटाई सादळली.

अण्णांचे साहेब फराळाला आले. त्यांनी नानकटाईचा एक घास घेतला आणि उरलेली बशीत ठेवली. ते गेल्यावर अण्णांनी डबा कडीला धरून उचलला, फिरवला आणि आईच्या तोंडावर मारला. आवाज झाला तो डब्याचा की जबड्याचा, मला कळलं नाही. ती खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि पदर भिजत गेला. अण्णा म्हणाले, "आता खा सादळलेलं."

दवाखान्यात आईला बोलताच येत नव्हतं. ती न्हाणीत घसरली, हे अण्णांनीच सांगितलं. जबडा तारेने बांधला. तार निघाली, पण हाड वाकडंच बसलं. तेव्हापासून तिचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही, आणि चावताना कानाजवळ कट्‌ कट्‌ वाजतं. अण्णांनी त्यानंतर हात आवरला असं कुणी समजू नये. फक्त तोंडावर मारायचं बंद केलं, कारण तोंडावरचं दिसतं.

आमच्या गावाला कडकपणाचं भारी कौतुक. ज्वारीची कडक भाकरी पापडासारखी मोडली पाहिजे, तरच ती भाकरी. आई ती आमटीत बुडवून लगदा करून खाते. म्हणून ती आल्यावर मी मऊ कुकीज शिकले. ओट्स थोडे मिक्सरमध्ये फिरवायचे, थोडे तसेच ठेवायचे. कणीक, लोणी, गुळाची पूड, अंड्याऐवजी घट्ट दही, चिमूटभर सोडा. बेदाणे आणि खजूर कोमट पाण्यात भिजवून पिळून घ्यायचे, जर्दाळू बारीक कापायचे. शेवटी फोडलेलं चॉकलेट. गोळे थापून ओव्हनमध्ये ठेवायचे. कडा सोनेरी झाल्या आणि मधला भाग कच्चा दिसत असला, की काढायचं. उरलेलं काम तापलेला ट्रे करतो.

पण आई काढू द्यायची नाही. मी ओव्हनचं दार उघडलं की ती मागे येऊन उभी. "लई मऊ हायत गं. अजून थोडं भाजू दे की." मी म्हणायची, "आई, ही मऊच असतात. तुझ्यासाठीच मऊ केलीत." ती मान हलवायची आणि परत म्हणायची, "थोडं भाजू दे. बरं न्हाई दिसत." इथे तिला मारणारं कुणी नव्हतं, तरी बशी ठेवली की ती दोन पावलं मागे सरायची. माझ्यासमोर बशी ठेवून माझ्यापासून मागे सरायची. माझा जीव जळायचा.

अण्णा अकराच्या सुमारास आले. काठी दाराला टेकवली, खुर्चीत बसले, टोपी काढली. एखाद्या लग्नघरी आल्यासारखा चेहरा. "पंखा वाढव," म्हणाले. पंखा पाचवरच होता. मी पहिल्या ट्रेमधल्या कुकीज बशीत घातल्या, पण बशी माझ्या हातून आईनेच घेतली, त्यांच्यासमोर ठेवली आणि मागे सरली.

त्यांनी एक उचलली. बोटांनी दाबली. कुकी दबली. आईचा हात जबड्याकडे गेला. मला ओव्हनची घंटा ऐकू आली, मी आत जाऊन दुसरा ट्रे काढला, पण ओट्यावर ठेवायला जागा नव्हती, म्हणून दोन्ही हातांत फडकी धरून ट्रे बाहेरच आणला.

अण्णा खात होते. मिटक्या मारत खात होते.

"मऊ हाय," ते म्हणाले. "बेस हाय. कवळीला तरास न्हाई. तिकडं गेल्यावर असलंच करत जा मला. आजवर का न्हाई केलंस?"

मी बोलायला तोंड उघडलं. पण आधी आई बोलली. एवढ्या वर्षांत तिला मी अण्णांना प्रश्न विचारताना पाहिलं नव्हतं.

"मग त्या नानकटाईनं काय वाईट केलं हुतं?"

"कुटली नानकटाई?"

ते नाटक करत नव्हते. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. तिने इतकी वर्षं लगदा गिळला आणि यांच्या लेखी ती घटनाच नव्हती.

"माजं तोंड मोडलं ती," आई म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "कशापायी मोडलं तेबी आठवत न्हाई तुमास्नी?"

"आवाज खाली," अण्णा म्हणाले. उठले. दोन पावलं तिच्याकडे टाकली आणि हात उचलला. नेहमीचाच, उजवा, मागे घेऊन सोडलेला.

मी मध्ये गेले आणि ट्रे उभा धरला. पाय घसरला, दचकले, चुकून झालं, असलं काही मी सांगणार नाही. उभा धरला. कुकीज जमिनीवर सांडल्या आणि त्यांचा पंजा तापलेल्या पत्र्यावर सपकन बसला. आवाज झाला. या वेळी तो कशाचा आहे, हे मला नीट कळलं.

ते ओरडले. आईगं, आईगं करत खुर्चीत कोसळले. तळहात लालबुंद झाला होता आणि कातडी वर येत होती. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला तो ट्रे परत एकदा मारावासा वाटत होता.

आई आत गेली. नळाला पाणी नव्हतं, आमच्याकडे ते रोज येत नाही. तिने पिंपातून तांब्या भरून आणला, खाली घमेलं ठेवलं आणि त्यांच्या हातावर पाणी धरलं. मग धुतलेला टॉवेल ओला करून हाताभोवती गुंडाळला. मी बघत उभी राहिले. संपलं, आता ही जाणार, आयुष्यभर अशीच पट्ट्या बांधत बसणार. आणि तिने दाराशी जाऊन बॅग उचललीच.

बॅग घेऊन ती आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. हँगर एकमेकांवर आपटले. मग कपाट बंद झालं.

"चल," अण्णा बाहेरच्या खोलीतून म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "गाडी जाईल."

आई बाहेर आली. "तुमी जावा. वाटंत दवाखान्यात हात दाखवा. मी न्हाई येत."

"मग लोकांला काय सांगू?"

"न्हाणीत घसरला म्हणून सांगा."

ते गेले. टॉवेल आमचाच घेऊन गेले, काठी मात्र विसरले. आई जमिनीवर बसून सांडलेल्या कुकीज एकेक करून गोळा करत राहिली. फुंकर मारत होती आणि रडत होती. मीही खाली बसले आणि रडले. मला आनंद झाला होता आणि भीतीही वाटत होती. दोन्ही खरं.

संध्याकाळी फोन सुरू झाले. वडिलांचा हात जाळलास, नरकात जाशील. मी म्हटलं, जाईन.

पुढच्या रविवारी मी परत चॉकलेट फोडलं. काठी मी सकाळीच मोडून खालच्या कचरागाडीत टाकली होती. ट्रे ओव्हनमध्ये होता आणि मी फोनवर एका मावशीशी कचाकचा भांडत होते. आई स्वयंपाकघरात एकटीच होती. तिथून तिची हाक आली, "अगं, ये की. काढ आता. कडक व्हतील."

मी फोन ठेवून धावले. दार उघडलं. मधला भाग अजून कच्चा दिसत होता.