टॉवेलाखालचा हात

अख्ख्या जालना जिल्ह्यात आमच्या व्याह्यांइतका भित्रा माणूस जन्मलेला नाही, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे. माझं अर्धं आयुष्य बैलबाजारात गेलं. भ्यालेलं जनावर आणि भ्यालेला माणूस ओळखण्यावरच माझं पोट भरलं, तेव्हा माझं मत फुकटचं समजू नये. बरं, माणूस सरसकट भित्रा असता तर मी कपाळाला हात लावून गप्प बसलो असतो. पण हे गृहस्थ तीस वर्षं जनावरांचे सरकारी डॉक्टर होते. वडीगोद्रीला एकदा एक वळू बिथरला आणि रस्त्याकडेची दुकानं मोडत निघाला. लोक पत्र्यांवर चढून बसले. हे मात्र हातात सुई घेऊन, सकाळी दूध आणायला निघाल्यासारखे त्याच्यापर्यंत चालत गेले, मानेवर थाप मारली आणि म्हणाले, "झालं बरं का राजा, झालं." थोड्या वेळात वळू खाली बसला. आणि हाच माणूस टेनिसच्या कोर्टावर चाळीस-तीस झाले की चुन्यासारखा पांढरा पडतो. आता सांगा, काय करावं?

मी मूळचा केदारखेड्याचा. बैलांची खरेदी-विक्री करत वर आलो, आता जुन्या जालन्यात धान्याचं ठोक दुकान आहे. टेनिस मी पन्नाशीनंतर शिकलो, आणि का शिकलो ते सांगायची मला लाज वाटत नाही. आमच्या क्लबच्या दालनात एक सागवानी फळा आहे. दरवर्षी दुहेरीची स्पर्धा जिंकणाऱ्या जोडीची नावं त्यावर सोनेरी अक्षरांत लिहितात. सगळे डॉक्टर, वकील, कारखानदार. तरुणपणी मी त्या दालनात कुणाच्या तरी मेजवानीसाठी सतरंज्या टाकायला गेलो होतो. फळा वाचत जरा उभा राहिलो, तर वॉचमन म्हणाला, "वाचून झालं आसंल तर बाजूला हो." त्यानंतर मी घर बांधलं, दुकान उभं केलं, क्लबचा सभासद झालो, पण ते वाक्य काही बाजूला झालं नाही. मला त्या फळ्यावर माझं नाव हवं होतं. आणि दुहेरीला जोडीदार लागतो.

व्याही परभणीला शिकताना टेनिस खेळलेले. सरावात त्यांचा खेळ पाहाल तर वाटेल, या माणसाला हरवायला मुंबईहून कोणी आणावं लागेल. पण स्पर्धेच्या दिवशी त्यांच्या अंगात वेगळाच माणूस येतो. सामन्याआधी चार वेळा मोरीकडे चक्कर. मग स्टेथोस्कोप काढून स्वतःचीच छाती तपासणं. (तो घरी ठेवा म्हटलं, तर म्हणाले, "इवाई, सवय हाय, ऱ्हाऊ द्या." आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात.) सर्व्हिस करण्यापूर्वी चेंडू सतरा वेळा आपटायचा, तोही मोठ्यानं मोजून. मधे कोणी खोकलं की पुन्हा एकपासून. पहिली सर्व्हिस चुकली की दुसऱ्या चेंडूला वासरासारखं कुरवाळायचं, "हो... हो... शाब्बास," आणि तो शाब्बास चेंडू बरोबर जाळीत. एकदा ऐन सामन्यात मला जवळ बोलावून म्हणाले, "आज बॉल फुगत चाललाय जणू. तुम्हाला न्हाई दिसून राह्यलं?"

मन खंबीर करण्यासाठी त्यांनी कुठलंसं पुस्तक आणून वाचलं. त्यातली वाक्यं कागदावर उतरवून रॅकेटच्या पिशवीत आतून चिकटवली. खोल श्वास घ्या. मागचा पॉइंट विसरा. खोल श्वासानं त्यांना चक्कर आली. मागचा पॉइंट मात्र ते इतक्या निष्ठेनं विसरायला लागले की स्कोअरच लक्षात राहीना, आणि तो ते समोरच्या जोडीला विचारत. समोरचे काय, ते सांगणारच. आमचे दोन गेम या भाबडेपणात गेले असावेत. आणि प्रत्येक चुकीनंतर, ती कुणाचीही असो, खणखणीत आवाजात एकच वाक्य: "चुकलं माझं!" बाहेर बाकावर विहीणबाई थालीपिठांचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या. त्यांनीही एकदा वैतागून हाक दिली, "आवं, बॉल तरी जाऊ द्या पलीकडं, मंग चुका!"

दुसरा कोणी असता तर मी रॅकेट त्याच्या डोक्यात घातली असती. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माझ्या आवाजानं हमाल पोती खाली टाकतात. पण लेक दिलेल्या घराशी आवाज चढवायचा नसतो. म्हणून मी दात दाबून म्हणायचो, "काही हरकत न्हाई, इवाई," आणि घरी येऊन स्कूटरला लाथ घालायचो. पहिल्या वर्षी आम्ही अंतिम सामना हरलो तो तर त्यांच्या एका शब्दावर. आमच्याकडे पंच नसतो, आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर ते आपणच सांगायचं. शेवटचा चेंडू आमच्या रेषेवर पडला. मी "बाहेर" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात हे म्हणाले, "आत हाय, आत हाय. मस्त मारला!" ते मी तीन वर्षं उगाळलं.

दुसऱ्या वर्षापासून मी माझी विद्या काढली. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात रुमालाखाली जातात आणि बोटं धरून सौदा होतो. बोटांवरून कळतं, समोरचा किती अडलेला आहे ते. गेमनंतर बाजू बदलताना आम्ही बाकावर बसलो की मी दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचो. एक बोट दाबलं की सर्व्हिस बॅकहँडला, दोन दाबली की अंगावर. समोरच्यांना पत्ता नाही. पण त्या टॉवेलाखाली मला दरवेळी एक ओला, गार हात थरथरताना लागायचा आणि माझा जीव खचायचा. म्हणायचो, या हाताच्या नादानं आपलं नाव काही फळ्यावर चढत नाही.

यंदा शेवटची संधी होती. जावयाची बदली नागपूरला झाली. लेक निघाली, आणि व्याही-विहीणही त्यांच्यासोबत. अंतिम सामना डोळ्यांचे एक डॉक्टर आणि त्यांचा मेहुणा यांच्याशी. एक सेट त्यांचा, एक आमचा. तिसऱ्यात आम्ही पाच-चार पुढे आणि सर्व्हिस माझी. बाकावर बसलो, टॉवेल टाकला. टॉवेल पिंपळाच्या पानासारखा हलत होता. मी म्हणालो, "इवाई, हात आवरा. एकच गेम ऱ्हायला."

त्यांनी दुसरा हात काढून टॉवेलावर, माझ्या मनगटावर ठेवला. हात कोरडा होता, उबदार.

"इवाई," ते हळूच म्हणाले, "हा कापून राह्यलेला हात तुमचा हाय."

"माझा न्हाई!"

"बरं. मंग माझा समजा. चला जल्दी, ते उभे ऱ्हायलेत."

चाळीस-तीसपर्यंत आलो. जिंकायला एक पॉइंट. माझी पहिली सर्व्हिस जाळीत, दुसरी पार मागच्या तारेत. "चुकलं माझं!" जाळीपाशी उभे असलेले व्याही ओरडले. पुढच्या पॉइंटला पुन्हा दोन्ही सर्व्हिस बाहेर. "चुकलं माझं!" लोक हसले. कोणी तरी म्हणालं, "डॉक्टर, आज बी का?" तिसऱ्याला डोक्यावर आलेला आयता चेंडू मी जाळीत घातला आणि गेम गेला. पुढचे दोनही गेले. प्रत्येक वेळी तोच आवाज, आधीपेक्षा मोठा.

स्कूटरपाशी मी त्यांना गाठलं. "केव्हापासून कापतो माझा हात?"

"तुम्ही टॉवेल टाकायला लागले तव्हापासून. माझाबी कापायचा. पण मी बोलून मोकळा होतो. तुम्ही दाबून धरता."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"भ्यालेल्या जनावराला, तू भ्यालंस म्हणून सांगत नसतात, इवाई. जास्तच भितं ते."

मला जनावर म्हणाले म्हणून मी असा भडकलो की लेकीचं घर वगैरे सगळं विसरून ओरडलो. ते ऐकून घेत उभे राहिले आणि शेवटी वळूला मारली तशी माझ्या मानेवर थाप मारली.

आठ दिवसांत ते नागपूरला गेले. फळ्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव लागलं, सोनं अजून ओलं दिसतं. माझा व्याह्यांवर राग आहे, आणि तो राहणार. माझी तीन वर्षांची भीती त्यांनी न विचारता स्वतःच्या नावावर करून घेतली आणि निघून गेले. क्लबात लोक अजून म्हणतात, "इवाईंपायी तुमचं नाव ऱ्हायलं हो." मी मान हलवतो. पहिल्या वर्षीचा तो चेंडू आत होता. मीही पाहिला होता. हे मी क्लबात कोणाला सांगितलेलं नाही, इथे लिहितोय तेवढंच.

आता मी एका चाळिशीतल्या वकिलाबरोबर खेळतो. पक्क्या मनाचा माणूस. बाजू बदलताना पाणी पितो आणि "पॉझिटिव्ह राहा, काका" म्हणतो. परवा बाकावर बसताना मी सवयीनं टॉवेल टाकून हात खाली घातला. वकील बाटलीचं झाकण लावत होता. मग आम्ही उठलो, आणि त्याच्या दोन सर्व्हिस लागोपाठ जाळीत गेल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, तेही खणखणीत, "चुकलं माझं!"

वकील वळून बघायला लागला. "काका, सर्व्हिस तर माझी होती."

"आसू द्या," मी म्हणालो. "खेळा तुम्ही."