आक्काच्या ताटातला रिपोर्ट

काउंटरवर लघवीची बाटली ठेवताना ते कधी माझ्याकडे बघत नसत. बाटली रुमालात, रुमाल वर्तमानपत्रात आणि ते सगळं मिळून एका कापडी पिशवीत. पिशवी पुढे सरकवायची, तोंड भिंतीवरच्या कॅलेंडरकडे करायचं आणि म्हणायचं, "मॅडम, वस्तू आक्काची हाय. नीट बघा."

वस्तू म्हणजे किडनी. त्यांच्या दोन्ही निकामी झाल्या तेव्हा थोरल्या बहिणीने आपली एक दिली होती. ऑपरेशन मुंबईला झालं. ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मी नाशिकला इंदिरानगरमधल्या एका लहानशा लॅबमध्ये टेक्निशियन होते. दिवसभर लोकांचं रक्त आणि लघवी बघितली की माणसांकडे बघायचं त्राण उरत नाही. तुमच्यापैकी कुणी असं काम केलं असेल तर पटेल. यांच्याकडे मात्र मी मान वर करून बघायचे.

ते देवळ्याचे. कांदा मार्केटात एका व्यापाऱ्याकडे मालाची प्रतवारी करायचे. बहिणीची असली तरी किडनी शरीराला परकीच. शरीराने ती नाकारू नये म्हणून रोज ज्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्यांनी अंगातली रोगाशी लढायची ताकद मुद्दाम कमी ठेवलेली असते. मग लघवीत जंतू शिरायला निमित्त लागत नाही. त्यात लिलावाच्या दिवशी हे सकाळपासून ट्रॅक्टरच्या रांगेत उभे. पाणी प्यायचं नाही, लघवी दाबून धरायची. मी रागवायचे. मार्केटात बायाबापड्या असतात, आडोशाला कुठे जाऊ, असं ते खालच्या आवाजात सांगायचे.

पहिल्यांदा त्यांनी नमुना घरूनच आणला, खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीतून, एसटीत मांडीवर धरून. अडीच-तीन तासांच्या त्या उकाड्यात जंतूंची यात्रा भरलेली असणार. मी ती फेकून दिली आणि नवी बाटली देऊन समजावलं, की इथेच द्यायची, पहिली धार सोडायची आणि मधली धरायची. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "म्हणजे कांद्यासारखं. वरचा पापुद्रा टाकून द्यायचा." मला हसू आलं, आणि ते लाजून कानापर्यंत लाल झाले.

दर तीन महिन्यांनी ते येत. दिवाळीच्या आधीची फेरी मात्र त्यांना फार महत्त्वाची. आक्का इगतपुरीला दिलेली होती, तिच्या घरचे रेल्वेत. भाऊबीजेला हे नाशिकरोडहून गाडी धरून तिच्याकडे जात. पहिल्या वर्षी ओवाळणीत काय टाकू, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, मला साडी नको, रिपोर्ट आण. तेव्हापासून साडीसोबत आमच्या लॅबचा कागद ताटात पडायचा. आक्का चौथी शिकलेली. जंतू वाढले नाहीत, हे इंग्रजीत कसं लिहितात ते तिने पाठ केलं होतं. त्या ओळीवर बोट ठेवून ती कुंकू लावायची, असं ते सांगायचे. सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

तीन दिवाळ्या कागद स्वच्छ गेला. एक गोष्ट मला खटकत होती, ती आता सांगून टाकते. सूक्ष्मदर्शकाखाली पू दिसायचा आणि तरी जंतू वाढवून बघायच्या प्लेटवर काही उगवत नसे. असं झालं की पेशंटने आधीच जंतू मारायच्या गोळ्या घेतल्यात का, हे विचारायचं असतं. फॉर्मवर त्यासाठी रकाना असतो. तो मी कोराच ठेवायचे. समोर चाळीस बाटल्या असायच्या, मी थकलेली असायचे. पण थकवा कुणाला नसतो?

चौथ्या दिवाळीनंतर त्यांची लघवी आमच्याकडे हॉस्पिटलमधून आली. प्लेट भरून जंतू. औषधांच्या चकत्या ठेवल्या, तर जवळजवळ कुठल्याच चकतीभोवती मोकळी जागा नाही. जंतू त्या औषधांना केव्हाच सरावले होते. मी जेवणाचा डबा तसाच सोडून हॉस्पिटलात गेले. ते पलंगावर होते, पाय सुजलेले, श्वास लागलेला. मी विचारलं आणि त्यांनी लगेच कबूल केलं. लघवीला जळजळ झाली, की जुन्या चिठ्ठीवर गावातल्या मेडिकलमधून गोळ्या आणायच्या, दोन-तीन दिवस खायच्या आणि मग आमच्याकडे यायचं. ताप फारसा यायचाच नाही, त्यामुळे आपण बरे झालो असंच त्यांना वाटायचं. डॉक्टरही कागद बघून निश्चिंत व्हायचे.

"भाऊबीजेला तिच्या ताटात वाईट कागद टाकू का?" ते म्हणाले. "तिनं पोट फाडून दिलं, मॅडम." मग हात जोडून, "आक्काला नका सांगू."

नाही सांगणार, असं म्हणून मी मान हलवली. जंतू रक्तात पसरले होते. आठवड्याने ते वारले.

दीड महिन्याने लॅबमध्ये एक काठीसारख्या बारीक बाई आल्या. रिपोर्टांवरचा पत्ता दाखवत दाखवत इगतपुरीहून पोचल्या होत्या. उरलेली किडनी एकदा तपासून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून आले, म्हणाल्या. बाटली दिली तरी काउंटरवरून हलेनात.

"ताई, माझीच खराब निघाली का हो? घरात तसंच बोलत्यात. मी दिली ती पयल्यापासनंच किडकी व्हती का?"

मी शब्द दिला होता. पण ही बाई तेवढं ओझं घेऊन जन्म काढणार, हे मला बघवेना. मी त्यांना बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. तुमची किडनी उत्तम होती, त्यांनी दुखणं लपवलं, गोळ्या कशा खाल्ल्या आणि कशासाठी. रकाना मी कोरा ठेवला, तेही सांगितलं. मला वाटलं त्या रडतील, निदान माझ्यावर तरी चिडतील.

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"मी कागद मागितला, तो काय कागदासाठी का?" त्या म्हणाल्या. "वर्षातनं एकदा तरी त्यानं यावं म्हणून मागितला. नुसता येऊन जेवून गेला असता तरी झालं असतं."

त्यानंतर त्या बराच वेळ बाकावर बसून होत्या. परतीची गाडी चुकली तरी उठल्या नाहीत, आणि उठा म्हणणं माझ्याच्याने होईना.