स्टमातियाबाईंना कप पुसायचे होते

ग्रीसहून येऊन, चाळीस वर्षं बस थांब्यासमोर कॅफे चालवून आणि गावातल्या निम्म्या लेकरांना मिल्कशेक पाजून स्टमातिया कासिमाती म्हाताऱ्या झाल्या, तरी ऑस्ट्रेलियातल्या कुरालिन गावाच्या लेखी त्या पाहुण्याच राहिल्या होत्या. गाव वाईट वागायचं असं नाही. उलट फारच चांगलं वागायचं, आणि दुखणं तेच होतं. लग्न असो की मयत, हॉलमधला चहा संपला की गावच्या बायका बाह्या सरसावून स्वयंपाकघरात शिरायच्या. आत भांडी कमी आणि गप्पाच जास्त घासल्या जायच्या. स्टमातियाबाई दारापर्यंत पोचल्या की कोणीतरी त्यांच्या हातातला कप काढून घेई.

"अहो मिसेस कासिमाती, तुम्ही कशाला? बसा ना निवांत!"

मग त्या नको असलेला केक चिवडत बसायच्या आणि आतलं खिदळणं ऐकायच्या. पाहुणीला कुणी कप विसळायला लावत नाही.

म्हणून गावच्या इतिहास संग्रहालयाचं मित्रमंडळ नवे सभासद घेतंय असं कळताच त्यांनी वर्गणी भरून टाकली. तिथल्या जुन्या खोगिरांशी आणि लोकर कातरायच्या कात्र्यांशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. मंडळाच्या बायका मागच्या स्वयंपाकघरात चहा करतात, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं.

"आई, जन्मभर कपच धुतलेस ना?" सिडनीहून थियो, त्यांचा मुलगा, फोनवर हसला. "अजून हौस फिटली नाही?"

"ते गिऱ्हाइकांचे होते. तुला नाही कळायचं, ठेव फोन."

छातीवर मंडळाचा बिल्ला लावून त्या पहिल्या सभेला गेल्या. चहा झाला, त्यांनी कप उचलला, आणि अध्यक्ष नोलीन प्राउज लगबगीने पुढे आल्या. "छे छे, मिसेस कासिमाती! आजच तर आलात. बसा." बिचाऱ्या बिल्ल्यासकट बसल्या. घरी आल्यावर तो बिल्ला त्यांनी ड्रॉवरमध्ये असा आपटला की मांजर पळालं.

पुढच्या महिन्यात एक दिवस संग्रहालय सगळ्यांना फुकट खुलं होतं. बस भरभरून माणसं आली. मंडळाच्या बायका त्यांना खोगिरं दाखवण्यात गुंतल्या आणि मागे ओल्या कपांचा ढीग साचला. अडवायला कोणी नाही हे पाहून स्टमातियाबाई आत घुसल्या. खुंटीवर टॉवेल नव्हता. टेबलावर पातळ कागदात गुंडाळलेला एक होता. तो ओढून त्या कामाला लागल्या. तेवढ्यात नोलीनबाई बायकांसह आत आल्या.

"स्टमातिया!" त्या कडाडल्या. "डोळे फुटले का गं तुझे? गावाच्या शंभरीला छापलेला टॉवेल आहे तो! माझ्या सासूने मरेपर्यंत जपला, काचेच्या कपाटात लावायचाय, आणि तू त्याने बशा पुसतेस? विचारायला तोंड नव्हतं?"

माफी मागावी म्हणून स्टमातियाबाईंनी तोंड उघडलं आणि खुदकन हसूच आलं. इतक्या वर्षांत या गावात त्यांच्यावर कोणी आवाज चढवला नव्हता.

"हसतेस काय?"

"ओरड गं नोलीन, अजून ओरड. फार बरं वाटतंय." आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले.

नोलीनबाई बघतच राहिल्या. मग त्यांनी तो टॉवेल नळाखाली धरला. "चहाचाच डाग आहे. निघेल."

"लिंबू चोळ."

"मला शिकवू नकोस!" खांद्यावरचा दुसरा, भोकं पडलेला टॉवेल त्यांनी स्टमातियाबाईंच्या अंगावर फेकला. "हा घे. आणि उभी काय राहिलीस? ते ट्रे काय भुतं पुसणार आहेत?"

बायका फिस्सकन हसल्या, एकीने सरकून सिंकपाशी जागा केली, आणि पाद्रीबाबांच्या नव्या विगची गोष्ट अर्धी राहिली होती ती पहिल्यापासून सांगायला घेतली. कारण स्टमातियाला ती ठाऊक नव्हती.