अकरा बँडांतला जयराम

जयराम विशे गातो, हे मुरबाडात मोजक्याच लोकांना ठाऊक होतं. काय गातो, हे त्यांच्यातल्याही कुणाला नीट सांगता आलं नसतं. वैशाखऱ्यात, त्याच्या गावी, लोक समजत की तो कल्याणला कुठल्याशा ऑर्केस्ट्रात आहे आणि लग्नात जुनी गाणी म्हणतो. एकदा गणपतीत मंडळाच्या पोरांनी आग्रह करून त्याला माईकसमोर उभं केलं. अर्धं गाणं झालं असेल नसेल, कुणीतरी माईक हळूच बंद केला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्याने त्याला बाजूला घेऊन विचारलं, "जयराम, तुला काय दुखतंखुपतं का रे? घरी सांगत नसशील तर मला सांग." त्यानंतर गावात तो कधी गायला नाही.

तो हार्ड रॉक गायचा. तीस वर्षं गायला, अकरा बँडांतून गायला, आणि पोटासाठी तेवढी सगळी वर्षं मुरबाडच्या एमआयडीसीत लोखंडी पाइपच्या कारखान्यात पाइप कापत राहिला.

घरात गाण्याचा मागमूस नव्हता. आवाजाचाच नव्हता म्हटलं तरी चालेल. जयराम अकरा वर्षांचा असताना त्याच्या धाकट्या बहिणीला, बारकीला, भातकापणीत साप चावला. टोकावड्यापर्यंत बैलगाडीतून नेलं, तिथून जीप मिळेपर्यंत ती गेली. आई धोंडूबाई तिसऱ्या दिवशी विळा घेऊन परत शेतात उतरली. बाप धाऊ ओट्यावर बसून राहिला. कोणी मोठ्याने रडलं नाही, आणि त्यानंतर त्या घरात कोणी मोठ्याने बोललंही नाही. बापाला पाणी हवं असलं की तो रिकामा पेला पुढे सरकवायचा, आई तो भरायची. या घरात जयराम वाढला, दहावी झाला, आणि एकविसाव्या वर्षी कारखान्यात लागला.

कारखान्यात मेन्टेनन्सला वसईचे एक साहेब होते. जेवणाच्या सुट्टीत ते टेपरेकॉर्डर लावून बसत. एके दिवशी जयराम डबा घेऊन त्यांच्या खोलीवरून जात होता, तेव्हा आतून एक माणूस ओरडत असल्याचं त्याला ऐकू आलं. घसा फाडून ओरडत होता, पण सुरात. मागे गिटारींचा कल्लोळ होता आणि त्या सगळ्याच्या वर तो एकटा आवाज. जयराम दारातच उभा राहिला. भाषा कळत नव्हती. त्याच्या मनात एवढंच आलं, की असं ओरडायला चालतं? आणि लोक ते ऐकतात?

साहेबांनी त्याला कॅसेट घरी नेऊ दिली. जयरामने ती ऐकून ऐकून शब्द देवनागरीत वहीत उतरवले, ऐकू आले तसे. महिनाभराने जेवणाच्या सुट्टीत, कटिंग मशीन बंद असताना, त्याने ते गाणं साहेबांना म्हणून दाखवलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "कल्याणला माझ्या भाच्याच्या ओळखीची कॉलेजची पोरं आहेत. त्यांना गाणारा हवाय. रविवारी जाऊन बघ."

ती पोरं इंजिनिअरिंगची होती. प्रणय नावाचा गिटार वाजवणारा मुलगा त्यांचा म्होरक्या. जयरामचं पहिलं गाणं संपलं. मग प्रणय म्हणाला, "हा आवाज तू कुठून आणलास?"  जयरामला बँडमध्ये घेतलं, पण एक अट घातली. प्रणयने ती चांगल्या शब्दांत सांगितली, "गाणं तू म्हण. मधे लोकांशी बोलायचं काम मी करीन. तुझं इंग्रजी जरा... कळलं ना?"

जयरामला कळलं. पुढे अकराही बँडांत हीच पद्धत राहिली. दोन गाण्यांच्या मधे तो माईकपासून एक पाऊल मागे सरायचा आणि खाली बघत उभा राहायचा. कॉलेजच्या पोरापोरींना तो त्याचा रुबाब वाटे.

ते पहिलं बँड दोन वर्षं टिकलं. मग प्रणय कॅनडाला गेला. जाताना त्याने मिठी मारली, पत्र पाठवतो म्हणाला, एक पाठवलंही. पुढचं बँड कसाऱ्याच्या रेल्वे क्वार्टर्समधल्या पोरांचं होतं. रूळ जोडणाऱ्या पट्टीवरून त्यांनी नाव ठेवलं होतं, 'फिशप्लेट'. कसाऱ्याला जायचं म्हणजे मुरबाडहून शहापूरची एसटी, तिथून आसनगाव, मग गाडी. रविवारचा अख्खा दिवस दोन तासांच्या सरावासाठी जायचा. ड्रमवाल्याची बदली इगतपुरीला झाली आणि फिशप्लेट सुटली. त्यानंतर उल्हासनगरचं एक, डोंबिवलीची दोन, ठाण्याचं एक. बँड का मोडतं याची कारणं जयरामला पाठ झाली होती. कुणाचं लग्न, कुणाला बँकेत नोकरी, कुणाला बंगळूर. एक बँड दोन गिटारवाल्यांच्या भांडणात मोडलं, आणि दोघांनीही वेगवेगळा फोन करून जयरामला आपल्या बाजूला बोलावलं. तो कुणाकडेच गेला नाही, पण तेवढ्यापुरतं त्याला फार बरं वाटलं.

सगळे जात, तो राहत असे. एक बँड संपलं की कुठून तरी दुसऱ्याचा निरोप यायचा, "मुरबाडला एक जण आहे, भयंकर आवाज आहे, पण बोलत नाही."

दोन हजार तीन साली ठाण्याच्या बँडची सीडी निघायची होती. जयरामने कारखान्यातून तीन दिवसांची रजा काढली आणि अंधेरीतल्या स्टुडिओत आठ गाणी गायली. आयुष्यात तेवढा आनंद त्याला पुन्हा झाला नाही. कानाला हेडफोन, काचेपलीकडे माणसं, आणि फक्त त्याच्याच आवाजासाठी केलेली ती शांतता. पाच महिन्यांनी सीडी निघाली तेव्हा तिच्यावर दुसऱ्याच पोराचं नाव होतं. सीडी काढणाऱ्यांना चेहरा हवा होता, उच्चार हवा होता. त्यांनी सगळी गाणी त्या पोराकडून पुन्हा गाऊन घेतली होती. बँडवाल्यांना तोंड दाखवायला जड गेलं, म्हणून त्यांनी कळवलंच नाही. जयरामने कल्याण स्टेशनजवळच्या दुकानातून सीडी विकत आणली आणि घरी ऐकली. तिसऱ्या गाण्यात, शेवटच्या कडव्याआधी, एक लांब किंकाळी होती. ती त्याची होती. नव्या पोराला जमली नसावी, म्हणून तेवढीच ठेवली होती. अकरा सेकंदांची.

ती किंकाळी त्याने बायकोला ऐकवायची ठरवली होती. अनिता किन्हवलीकडची, तेव्हा लग्नाला सहा वर्षं झाली होती. ती स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. त्याने आवाज मोठा केला. ती आतूनच म्हणाली, "मितालीला आत्ताच झोपवलीय हो." त्याने बंद केलं.

अनिता वाईट बाई नव्हती. सुरुवातीला तिला वाटलं होतं, दर रविवारी हा माणूस कल्याणला जातो म्हणजे तिकडे कुणी असणार. मग एकदा त्याची वही सापडली. ती पानं उलटत गेली, देवनागरीतले ते अगम्य शब्द वाचत गेली, आणि तिची एक काळजी मिटली. बाई असती तर निदान भांडता आलं असतं, असं मात्र तिला पुढे कधीकधी वाटायचं. दोघांत भांडण नव्हतं. बोलणंही कामापुरतंच. त्यांची मुलगी मिताली मोठी झाली, बदलापूरला लग्न होऊन गेली, तिला मुलगा झाला. मितालीची नोकरी होती, नातवाला सांभाळायला कोणी हवं म्हणून अनिता गेली, ती तिकडेच राहिली. सणाला यायची. मुरबाडच्या दोन खोल्यांत जयराम एकटा राहू लागला.

अकरावं बँड ओमकार नावाच्या ड्रम वाजवणाऱ्या पोराचं होतं. सगळी पोरं जयरामच्या निम्म्या वयाची. त्याला काका म्हणत, चहा आणून देत, बसायला खुर्ची देत. खुर्ची आली तेव्हाच त्याला समजायला हवं होतं. दोन हजार तेवीसच्या पावसाळ्यात व्हॉट्सॲपचा ग्रुप एकाएकी शांत झाला. जयरामने दोनदा विचारलं, 'रविवारी किती वाजता?' उत्तर आलं नाही. मग कल्याणच्या एका कॉलेजाबाहेर त्याने पोस्टर पाहिलं. चौघांचे फोटो होते आणि मधे एक केस वाढवलेला मुलगा. पोरांनी दुसरा ग्रुप काढला होता. जुना तसाच होता, त्यात आता तो एकटाच लिहीत होता, म्हणून त्याने लिहिणं थांबवलं.

पुढच्या रविवारी तो सवयीने सकाळी आवरून एसटी स्टँडवर गेला. कल्याणची गाडी लागली होती. तो तिच्यात चढला नाही. माळशेजकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसला आणि वैशाखऱ्याला उतरला. आईबाप जाऊन काळ लोटला होता, घर चुलतभावाकडे होतं. तो घरी गेला नाही. गावाच्या मागे डोंगराला लागून एक बंद पडलेली दगडखाण होती, तिच्यात उतरला आणि गायला लागला.

दर रविवारी तो असा जाऊ लागला. भादव्यात एकदा गाणं ऐन रंगात असताना वरून दगड घसरला. त्याने पाहिलं तर ठाकरवाडीतली एक म्हातारी धापा टाकत, हातात विळा घेऊन खाली उतरत होती. बकऱ्यांसाठी चारा कापायला आली होती. तिचं नाव हौसा.

"कोन मेला रे तुजा?" तिने विचारलं.

"कोनी नाय, आजी. गानं म्हनतोय."

हौसाने त्याच्याकडे नीट पाहिलं. पिऊन आलेला नाही, याची खात्री करून घेतली. मग एका दगडावर बसली, विळा बाजूला ठेवला.

"मंग म्हन. थांबलास कशाला?"

जयरामने गाणं पहिल्यापासून म्हटलं. तीस वर्षांत हजारभर लोकांसमोर तो गायला होता, पण एवढ्या जवळ बसून, हात मांडीवर ठेवून, मान न हलवता त्याचं गाणं कुणी ऐकलं नव्हतं. गाणं संपलं.  म्हातारीने चाऱ्याचा भारा बांधायला घेतला आणि बांधता बांधता म्हणाली, "माजा महादू गेला तवा मला असं नाय जमलं. गल्यातच राह्यलं." मग भारा डोक्यावर घेऊन चढून गेली.

 त्या दिवशी पुढे जयराम गायला नाही.

त्यानंतर पाच-सहा रविवार ती आली. कधी ऐकायची, कधी नुसतीच वरून जायची. एकदा काकड्या आणल्या. त्याचं नाव तिने विचारलं नाही. दिवाळीनंतर ती सुनेबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली, असं वाडीतल्या एका पोरीकडून त्याला कळलं. तो जातच राहिला. मात्र आता ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून की काय, तो जास्तच ताणून गाऊ लागला. फेब्रुवारीत एका सकाळी उठला तो घशातून नुसता वारा येत होता.

कल्याणच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. म्हणाले, "सहा आठवडे एक शब्द नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. घरच्यांना सांगून ठेवा."

त्याने मान डोलावली. कारखान्यात मशीनच्या आवाजात तसंही कोणी बोलत नसे. जेवणाच्या सुट्टीत तो ऐकत बसायचा, तसाच बसला. भाजीवाल्याला बोट दाखवून भाजी घेतली, कंडक्टरच्या हातावर सुटे पैसे ठेवले. आठ दिवस झाले तरी त्याचा आवाज गेलाय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. नवव्या दिवशी चहावाला म्हणाला, "विशेभाऊ, आज गप्प गप्प?" जयरामला हसू आलं. तेही त्याने आवाज न करता हसून घेतलं.

अनिताचा फोन आला तेव्हा त्याने कट करून मेसेज लिहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती एसटीने आली. तिने आल्या आल्या भांडी घासली, गाद्या उन्हात टाकल्या, हळदीचं दूध करून पुढ्यात ठेवलं. तीन दिवस राहिली आणि तीन दिवस बोलत होती. नातवाचे दात, मितालीची सासू, बदलापूरचं पाणी. उत्तर द्यायची सोय नसलेल्या माणसाशी बोलणं तिला सोपं जात असावं. निघायच्या आदल्या संध्याकाळी लसूण सोलता सोलता ती म्हणाली, "एवढी वर्षं गायलात. मला कधी ऐकवलं नाय तुमी."

जयरामने नातवासाठी आणलेल्या पाटीवर लिहिलं, 'तू विचारलं नाहीस.'

तिने वाचलं.  मग पाटी पदराने पुसली आणि म्हणाली, "ते पन खरंय. आवाज आला की ऐकवा."

सहा आठवड्यांनी आवाज आला. दोन पट्ट्या खाली उतरला होता आणि कडेला खरबरीत झाला होता. वरच्या सुरांपर्यंत तो आता जाणार नाही, हे जयरामला पहिल्याच रविवारी खाणीत कळलं. त्याने चार-पाच वेळा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग तेच गाणं खालच्या सुरात, सावकाश म्हणून पाहिलं. वेगळंच गाणं वाटलं ते. वाईट नव्हतं.

तिथूनच त्याने अनिताला फोन लावला. खाणीत रेंज एकाच कोपऱ्यात येते, तिथे भिंतीला टेकून उभा राहिला. पलीकडे बराच वेळ बेल वाजली, मग तिने उचलला.

"आवाज आला," जयराम म्हणाला.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. तिचा स्वर खरोखरच सुटका झाल्यासारखा होता.

"ऐकवू?"

पलीकडे टीव्ही चालू होता, नातू रडत होता, कुकरची शिट्टी झाली. "आत्ता नको हो," ती घाईत म्हणाली, "बाळाला भरवतेय. संध्याकाळी करते मी."

"बरं," तो म्हणाला.

सव्वा अकराची जीप यायला अजून अर्धा तास होता. त्याने फोन खिशात ठेवला, बाटलीतलं पाणी प्यायला, आणि दुसरं गाणं म्हणायला घेतलं.