रेम्ब्रांटला तपासणारी डॉक्टर

अनिकेतचा फोन आला तेव्हा मी भाजी फोडणीला टाकत होते. आई गेली, एवढं सांगून तो एकदम म्हणाला, "मावशी, प्रेयर मीटला पैठणीतला फोटो लावतो. तिने सांगितलेला नाही लावणार मी."

अनिकेत माझ्या मैत्रिणीचा, डॉक्टर नलिनीचा एकुलता एक मुलगा. बर्मिंगहॅमची नोकरी बाजूला ठेवून शेवटचे आठवडे तो ग्लासगोला तिच्याजवळ राहिला होता. नलूला हवा होता आजारपणातला फोटो, केस गेलेला. त्याला हवा होता त्याच्या लग्नातला, पैठणीतला. पोराचं चूक नव्हतंच, पण नलूचंही काही खूळ नव्हतं.

नलू स्किनची डॉक्टर, मी जीपी, म्हणजे साधी फॅमिली डॉक्टर. दोघी नागपूरच्या. सुट्टीच्या दिवशी ही बया मला आर्ट गॅलरीत ओढून न्यायची आणि तिथे चित्रं बघायची सोडून पेशंट तपासायची! लंडनला रुबेन्सच्या गुबगुबीत बायका बघून म्हणे, हिचे गुडघे दुखत असणार. काराव्हाजोच्या चित्रातल्या पोराची मळकी नखं बघून म्हणे, आधी हात धुऊन ये रे बाबा. चित्राला नाक लावून उभी राहायची. गार्ड आमच्याकडे संशयाने बघायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

रेम्ब्रांटपुढे मात्र तिची मस्करी बंद. त्याचं पन्नाशीतलं एक सेल्फ-पोर्ट्रेट एडिनबरोला आहे. नाकावर लाली, डोळ्यांखाली पिशव्या, भोवती नुसता काळोख, आणि उजेड पाडलाय तो नेमका त्या थकलेल्या चेहऱ्यावर. नलू म्हणायची, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला डाग घालवून हवा असतो, आणि ह्या माणसाने स्वतःचा एकेक डाग मन लावून रंगवलाय. मला चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. जे काही कळतं ते तिच्यामुळे.

कॅन्सर पसरला तेव्हा तिने केमो थांबवली, विगही काढून ठेवला. भेटायला आलेल्या बायका "छान दिसतेस हं" म्हणाल्या की तिचं डोकं फिरायचं. एका दुपारी मी तिथेच होते. तिने अनिकेतला खिडकीपाशी खुर्ची ठेवायला लावली, खोलीतले दिवे बंद करायला लावले, डोक्याचा स्कार्फ काढला आणि म्हणाली, "काढ आता. हाच लावायचा." त्याने फोन समोर धरला, तोंड दुसरीकडे फिरवलं आणि बटण दाबलं. पुन्हा तो फोटो उघडण्याचा धीर त्याला झाला नाही.

त्यामुळे त्या दिवशी फोनवर मी त्याला एवढंच म्हटलं, "आधी तो नीट बघ. मग खुशाल पैठणीतला लाव, मी एक शब्द बोलणार नाही."

मीटच्या दिवशी हॉलमध्ये शिरले आणि जागीच थांबले. समोर नलू होती. डोक्यावर केस नाहीत, एका गालावर खिडकीचा उजेड, दुसरा अंधारात, आणि डोळे असे की आता नाडी बघायला हात पुढे करेल. मला रडू आलं, आणि अभिमानही वाटला. बायकांची कुजबुज चालू होती. एकीने न राहवून अनिकेतला विचारलंच, चांगला फोटो नव्हता का रे एखादा?

"होता ना, काकू," तो म्हणाला. "पण त्यात आई कॅमेऱ्याकडे बघते. ह्यात ती माझ्याकडे बघतेय."