वाघाचे पाय

डब्यांच्या कारखान्यात त्याला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे त्याला बारावा म्हणत. पगाराच्या दिवशी कारकूनसुद्धा खिडकीतून ओरडायचा, “बारावा आला का रे?” आणि हा रांगेत पहिला उभा असला तरी हात वर करायचा. कारखान्याच्या क्रिकेट टीममध्ये तो शिरला तेव्हा त्याच्या डोक्यावर भरपूर केस होते. केस गेले. त्याच्या बरोबरीचे खेळून खेळून घरी बसले, नवी पोरं आली, त्यांची पोटं सुटली. हा मात्र बारावाच राहिला. अकरा जण खेळायचे, हा पाणी न्यायचा, बॅटी आणायचा, कुणाच्या बुटाची नाडी तुटली तर स्वतःच्या बुटाची काढून द्यायचा.

कामही पाण्याचंच. जोडून आलेल्या रिकाम्या डब्यात नळीनं हवा भरायची, डबा टाकीत बुडवायचा आणि डोळे लावून बसायचं. बुडबुडा आला की डबा गळका, फेक लाल टोपलीत. हात कायम पाण्यात, त्यामुळे बोटांची कातडी सुरकुतून पांढरी झालेली. दिवसभर डबे पाण्यात बघणारा हा माणूस, पण आयुष्यात एका माणसाला त्यानं पाण्यात पाहिलं असेल तर शपथ.

टीमचा कॅप्टन म्हणजे त्याच्या बायकोचा सख्खा थोरला भाऊ. प्रेस खात्याचा फोरमन. दरवर्षी टीम निवडून झाली की तो टाकीपाशी यायचा, खांद्यावर हात ठेवायचा.

“दाजी, जीव तुटतो हो माझा. पण घरचा माणूस आत घेतला तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या.”

“बरोबर आहे तुमचं,” हा म्हणायचा. आणि त्याला ते खरंच बरोबर वाटायचं.

मैदानावर पत्र्याची एक खोली होती. तिथं भिंतीवर अकरा खिळे ठोकलेले. ज्याचा त्याचा खिळा ठरलेला. बारावा आपला शर्ट खिडकीच्या गजाला अडकवायचा; वारा आला की तो बाहेर उडायचा, आणि पाणी द्यायचं सोडून याला शर्टामागं धावावं लागायचं. लोकांना तेवढीच करमणूक.

सगळ्यात मोठा खिळा वाघाचा. वाघ म्हणजे टीमचा मुख्य बॅट्समन. माल रवाना करायच्या खात्यात त्याला खुर्ची होती. सकाळी तो तीवर बसायचा, दुपारी झोपायचा. कंपनीनं त्याला पोसला होता तो बॅटसाठी. सराव करून आला की तो थेट टाकीपाशी यायचा, डबे बाजूला सारायचा आणि पाण्यात डोकं बुडवायचा. त्याच्या केसांचं तेल पाण्यावर पसरायचं, आणि मग चांगल्या डब्याभोवतीही फेस दिसायचा. टाकी उपसून नवं पाणी भरेपर्यंत बाराव्याचं काम तुंबायचं, त्याबद्दल त्यालाच बोलणी बसायची. वाघाला कोण बोलणार?

काचेच्या कारखान्याशी फायनल आठवड्यावर आली होती. वाघानं नेहमीसारखं डोकं बुडवलं, कुत्र्यासारखं झाडलं, वळला आणि स्वतःच उडवलेल्या पाण्यावरून घसरला. गुडघा पिरगळला. बोंब अशी मारली, की प्रेसच्या आवाजातही ऐकू आली.

त्याला उठवायला पहिला धावला तो बारावा. वाघाच्या काखेत हात घालून तो उचलत होता, आणि त्याच क्षणी त्याच्या डोळ्यांपुढं खिळा आला. मोठा खिळा. रिकामा. लाजही वाटली त्याला स्वतःची, पण ती खिळ्याच्या मागून आली.

“बाराव्या, साधलास डाव!” कुणीतरी ओरडलं. “पाणी ओतून ठेवलं होतंस की काय?” सगळे हसले. हाही हसला. हसायला नको होतं, पण आत कुठंतरी गुदगुल्या होत होत्या.

दुसऱ्या दिवशी फोरमनच्या केबिनमध्ये टीम ठरवायला चौघं बसले. केबिनला काच होती आणि टाकी बरोबर समोर. आवाज येत नव्हता, नुसती तोंडं हलताना दिसत होती. एकानं डोकं खाजवलं. एकानं टेबलावर थाप मारली. मग मेव्हणा काहीतरी बोलला, काचेतून याच्याकडं बोट दाखवलं, आणि चौघंही पोट धरून हसले. बाराव्याच्या हातातला डबा पाण्याखाली बुडबुडे सोडत होता. त्यानं तो चांगल्या डब्यांत ठेवला.

मेव्हणा बाहेर आला. “दाजी, पांढरे कपडे आहेत ना?”

“आहेत की.”

“मग धुवायला टाका. अकरात आहात तुम्ही.”

घरी सांगितलं तर बायको भाकरी थापता थापता थांबली. “दादा चेष्टा करत असेल तुमची.”

“अगं, सगळ्यांसमोर म्हणाला.”

“सगळ्यांसमोरच करतो तो.” पण तिनं पिठाचे हात धुतले, ट्रंक उघडली आणि कपडे काढले. विजारीची कंबर पुरेना. तिनं शिवण उसवली, मागं पट्टी लावली. लेक दुकानातल्या कामावरून आली आणि दारातच उभी राहिली. शाळेत असताना तिच्या मैत्रिणींनी विचारलं होतं, ‘तुझे बाबा टीममध्ये आहेत म्हणतेस, पण ते तर पाणी वाटतात ना गं?’ तेव्हापासून तिनं मैदानाकडं पाठ फिरवली होती.

“खरंच खेळणार, बाबा?”

“खरंच.”

“बॅट घेऊन?”

“मग काय लाटणं घेऊन?”

ती हसली. “मग मी येते या वेळी.”

त्याला दुसरं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, लेकीच्या देखत आपल्या बॅटनं एक धाव.

फायनलच्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी पोचला. वाघाच्या खिळ्यावर त्यानं शर्ट टांगला, दोन पावलं मागं जाऊन बघितला, सरळ केला. मग बाहेर टाळ्या वाजल्या. कंपनीची गाडी दाराशी आली होती आणि तिच्यातून गुडघ्याला पट्टा आवळलेला वाघ लंगडत उतरत होता.

“हा कुणाचा बोळा रे माझ्या खिळ्यावर?” वाघानं शर्ट काढून बाराव्याच्या अंगावर फेकला.

मेव्हण्यानं त्याला कोपऱ्यात घेतलं. “दाजी, नीट ऐका. वाघ उभा राहून मारणार. त्याच्या धावा पळायच्या तुम्ही. रनर अकरातलाच लागतो, नियम आहे. म्हणून फिरकीवाल्याला बसवला आणि तुम्हाला आत घेतलं. बाकीच्यांना दम राखायचाय. आणि मैदानात आत-बाहेर पळायची सवय तुमच्याइतकी आहे कुणाला?”

खोलीत हशा पिकला. केबिनमधलं हसू कशाचं होतं, ते तेव्हा कळलं. एकटा फिरकीवाला हसला नाही. पाण्याचा डबा आता त्याच्या हातात होता, आणि तो बाराव्याकडं असा बघत होता की पाण्यात काही कालवलं असतं तर नवल नव्हतं.

“आणि माझी बॅटिंग?” बाराव्यानं विचारलं.

“सगळ्यात शेवटी. वेळ आली तर.”

वेळ आली तर. एवढं त्यानं पदरात पाडून घेतलं.

काचवाले आधी खेळले. मग आपल्या लोकांनी धावांचा पाठलाग सुरू केला. दोन विकेट पडल्या आणि वाघ लंगडत आत गेला. त्याच्या मागून पॅड बांधलेला बारावा.

“हे बघ,” वाघ म्हणाला, “पळ म्हटलं की पळायचं, थांब म्हटलं की थांबायचं. तुझं डोकं चालवायचं नाही.”

त्यानं नाही चालवलं. वाघ मारायचा आणि ओरडायचा, हा बाजूला उभा असायचा तिथून सुटायचा. पळ. थांब. पळ. चौकार गेला की वाघ बॅट उंचावायचा, दोन धावा झाल्या की हा धापा टाकायचा. लोक ओरडायचे, “वाघ! वाघ!”

दोरीपाशी शेजारणीनं त्याच्या बायकोला विचारलं, “तुमचे हे खेळतायत ना? मग बॉल का नाही मारत?”

“पळायचं खातं त्यांच्याकडं आहे,” बायको म्हणाली. लेक हात घट्ट बांधून बसली होती.

दुसऱ्या बाजूनं विकेट पडत गेल्या. मेव्हणा आला आणि गेला. शेवटच्या ओव्हरमध्ये जिंकायला तीन धावा हव्या असताना नववा गडी बाद झाला.

“पुढचा कोण?” अंपायरनं विचारलं.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मग सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. पुढचा मैदानातच उभा होता.

वाघाला आता नवा रनर हवा, म्हणून मेव्हणा पुन्हा पॅड बांधून धावत आला. त्याच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. “दाजी, नुसती बॅट आडवी धरा. एक धाव काढा. पुढचं वाघ बघेल.”

बारावा विकेटपुढं उभा राहिला. समोरच्या टोकाला मेव्हणा, आणि बाजूला अंपायरशेजारी बॅटवर रेललेला वाघ. पाय दुपारभर पळून दमले होते, पण हात ताजे होते; इतकी वर्षं त्यांना कुणी हातच लावला नव्हता. बॉल आला. त्यानं बॅट फिरवली. हाताला काही जाणवलंच नाही, म्हणजे बरोबर मधोमध बसला. दोघा फील्डरांच्या मधून बॉल निघाला. लेक ताडकन उभी राहिली, हे त्यानं पळता पळता बघितलं.

“थांब!” वाघ ओरडला.

तो थांबला. पिचच्या मधोमध, एक पाय पुढं टाकलेला, तसाच. मेव्हणा त्याला ओलांडून गेला. “पळा, दाजी! अहो, पळा!” पण पायांनी दुपारभर एकच आवाज ऐकला होता. ते हलले तोवर बॉल परत आला होता, आणि समोरच्या टोकाच्या दांड्या उडल्या होत्या.

खोलीत टीम गोळा झाली. मग सगळेच बोलायला लागले.

“वाघ थांब म्हणाला,” बारावा म्हणाला.

मेव्हण्यानंही ते मैदानात ऐकलं होतं. तो बुटाची नाडी सोडायला खाली वाकला.

वाघ खिळ्यावरून शर्ट काढत होता. “म्हणालो. माझ्या रनरला म्हणालो. तेव्हा तू माझा रनर होतास का?” त्यानं सगळ्यांकडं बघितलं. “तेव्हा तर तू बॅट्समन होतास!”

पत्रा हादरेल असे हसले सगळे. फायनल हरलेली माणसं, पण हसून हसून डोळे पुसत होती. मेव्हणाही. फिरकीवाला तर सगळ्यात जास्त.

घरी जाताना बायको म्हणाली, “दादा पळा-पळा म्हणून कंठशोष करत होता. ऐकू नाही आलं?” त्यानं मान हलवली, हो की नाही ते तिला कळलं नाही. लेक पुढं चालली होती. कोपऱ्यावर ती थांबली, पण मागं वळली नाही.

“पाणीच बरं होतं, बाबा,” ती म्हणाली.

पुढच्या वर्षी टीम निवडली तेव्हा फिरकीवाला आपल्या खिळ्यावर परत आला आणि पाण्यासाठी नवा माणूस घेतला. मेव्हणा त्या वर्षी टाकीपाशी आला नाही, खांद्यावर हात ठेवायची गरज उरली नव्हती. बाराव्याचं नावही गेलं. आता त्याला थांब्या म्हणतात. तो कारखान्याच्या आवारातून जाताना कुणीतरी मागून ओरडतं, “थांब!” आणि चेष्टा आहे हे माहीत असूनही त्याचं एक पाऊल अडतं. तेवढ्यासाठीच ओरडतात.

वाघाचा गुडघा बरा झाला. परवा सराव करून तो टाकीपाशी आला, डबे सारले, डोकं बुडवलं, झाडलं. फरशी ओली झाली. हा फडकं घेऊन पुसायला वाकला.

“थांब,” वाघ म्हणाला, “आधी मला जाऊ दे.”

तो वाकलेलाच थांबला. वाघानं त्याच्या खांद्यावर हाताचा भार टाकला, ओल्यावरून जपून एकेक पाऊल टाकत पलीकडं गेला, आणि निघून गेला. मग यानं फरशी कोरडी केली. पाण्यावर तेल पसरलं होतं. टाकी उपसायला घेतली.