वरचा वाटा

निरोप आला तेव्हा मी वाशीमच्या कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहा पाणचट केलास म्हणून वाद घालत होतो. मंगरूळपीरच्या गाडीचा कंडक्टर रस्ता ओलांडून आला आणि टोपी काढून हातात धरून उभा राहिला. "बाबूसाहेब, तुमचे संपतभाऊ गेले. आज सकायी." त्यानं टोपी काढली तेव्हाच मला कळलं होतं. तरी उरलेला चहा मी पिऊन टाकला. का प्यालो, ते आजही सांगता येत नाही...

संपतभाऊ माझा थोरला, सख्खा भाऊ. मी कोर्टात कारकून आणि तो मंगरूळपीरकडच्या आमच्या गावी शेतकरी. त्याला जाऊन महिना उलटला. गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहायची रीत आहे, आणि शब्दांना मी कधी कमी पडलेलो नाही. आमच्या गावात अर्ज लिहावा तर मीच, असं म्हणतात. पण भाऊबद्दल लिहायला बसलो की लेखणी सारखी जमिनीकडेच वळते. तेव्हा जमिनीचंच सांगतो, त्यातच तो आहे.

आमच्या बापाची वतनी जमीन मोठ्या लढाईच्या काळात सरकारनं लष्करी छावणीसाठी घेतली. माळावर तारेचं कुंपण पडलं, आत बराकी उठल्या आणि खालच्या अंगाला मोटारगाड्यांचा डेपो झाला. गावाच्या लेखी तो 'पलटणीचा माळ'. आम्ही पोरं तारेला नाक लावून ट्रक धुताना बघायचो, आत पाय टाकायची कोणाची छाती नव्हती. लढाई संपली, स्वराज्य आलं, पुढे आम्ही बौद्ध झालो, पण छावणी काही हलली नाही. आज सुटेल, उद्या सुटेल म्हणत बाप गेला. अखेर बांगलादेशच्या लढाईनंतर गाड्या निघून गेल्या, पत्रे उतरले, तार गुंडाळली गेली, आणि जमीन आम्हा दोघा भावांच्या नावानं परत मिळाली. मिळाली ती 'आहे त्या स्थितीत'. हे तीन शब्द मी कोर्टात हजारदा लिहिले असतील, पण त्यांच्या पोटात काय असतं ते मला ठाऊक नव्हतं.

खालच्या अंगाला पंचवीस-तीस वर्षांचं जळकं ऑइल जमिनीत मुरलेलं होतं. नांगर घातला की काळं, चिकट ढेकूळ वर येई आणि गॅरेजचा वास सुटे. पुढे वाटणी झाल्यावर मी अर्ज लिहिले, तेही भारदस्त मराठीत. लष्कराकडून उत्तर आलं की ताबा दिला, आता महसूल खात्याला विचारा. महसूलवाले म्हणाले, घाण ज्याची त्यानं काढावी. अकोल्याच्या कचेरीतला एक साहेब मात्र खरं बोलला. म्हणाला, "अहो, ही माती साफ करायला जेवढा खर्च येईल तेवढ्यात दुसरीकडे चांगली जमीन येते. कोण करणार?" मी गावी येऊन ते भाऊला त्या साहेबाच्या आवाजात करून दाखवलं. तो हसला, आणि दुसऱ्या दिवशी कुदळ-फावडं घेऊन खाली उतरला.

आमच्याकडे वाटणीची एक रीत आहे. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, म्हणजे वाटणाऱ्याला लबाडी करता येत नाही. जमीन उन्हाळ्यात मिळाली आणि वाटणी दिवाळीनंतर झाली. मधल्या काळात मी गावाकडे फिरकलोही नाही. दुष्काळ पडला होता, आणि दुष्काळात गावी गेलं की मागणी होते, एवढा हिशेब मला येत होता. वाटणीच्या दिवशी भाऊ छावणीच्या जुन्या सडकेवर मधोमध उभा राहिला. सडकेच्या वर बराकींचा भाग, खाली डेपोचा. मी म्हणालो, "तूच सांग, कोणता घेऊ?"

"वरचा घे. तुह्यानं वावर होनार नाई, घराले तरी कामी येईन."

मी आढेवेढे घेतले, घ्यायला हवेत तेवढेच घेतले, आणि वरचा उचलला. खालच्यात काय आहे ते मला ठाऊक होतं. त्याच्या वाट्याच्या एका चांगल्या कोपऱ्यात, जिथे ऑइल पोचलंच नव्हतं, तिथे काळ्या मातीचा भला मोठा ढीग पडला होता. मी म्हटलं, "अरे, निदान हा कोपरा तरी वाचवायचा होतास. तिथेच कोणी टाकतं का?" तो म्हणाला, "टाकाले जागा तं पाह्यजे ना बाप्पा कुटीतरी." त्यानंतर दरवर्षी ढीग वाढत गेला. त्यावर भाऊनं एरंडी लावली, आणि मी त्याला 'संपतरावांचा गड' असं नाव ठेवलं. गावी गेलो की चारचौघांत विचारायचो, काय किल्लेदार, गड काय म्हणतो? भाऊ माझ्यापेक्षा मोठ्यानं हसायचा. आता ते हसू आठवलं की मला जेवण जात नाही.

माती साफ झाली की नाही हे बघायची त्याची स्वतःची पद्धत होती. पितळी गडवा पाण्यानं भरायचा, त्यात ढेकूळ सोडायचं आणि विडी ओढत बसायचं. गाळ खाली बसला की पाण्यावर रंगीत तवंग येतो का ते बघायचं. तवंग आला की तेवढी माती उचलायची. दोन वर्षांनी मी वरचा वाटा विकायला काढला, वाशीमला घर बांधायचं होतं म्हणून. रिसोडकडचं गिऱ्हाईक आलं, त्याला छावणीची कीर्ती माहीत होती. "यात ऑइल-गिऑइल नाही ना?" तो सारखा विचारू लागला. भाऊ गडवा घेऊन आला आणि त्याला म्हणाला, तुमच्या मनानं कुठलंही ढेकूळ उचला. पाणी गढूळ झालं, निवळलं... वर काहीही आलं नाही. भाऊनं गडवा माझ्याकडे वळवून दाखवला. त्याच्या तोंडावर एवढा आनंद मी त्याच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. मला वाटलं, धाकट्याचं घर होणार म्हणून खूश झाला.

पुढे त्याच्या हातांची कातडी भेगाळली आणि भेगांत काळं जाऊन बसलं. राखेनं घासून ते निघेना. जेवायला बसला की तो उजवा हात आधी नाकाजवळ नेऊन बघायचा, मग भाकरी मोडायचा. मग खोकला लागला. मंगरूळपीरच्या डॉक्टरनं छाती तपासली, अकोल्याच्या दवाखान्यातही नेलं. हे मातीनं झालं, विडीनं झालं की नुसत्या वयानं, हे कोणी छातीठोक सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. उत्तर 'मातीनं' असं आलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं.

भाऊच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून पाहुणे गेल्यावर मी आणि सरूवहिनी, भाऊची बायको, दुपारी वावरात गेलो. खालच्या वाट्यात पहिल्यांदाच ज्वारी धड उभी होती. ढिगावरच्या एरंडीला बोंडं धरली होती. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "वहिनी, हा ढीग मी माझ्या खर्चानं उचलतो. एवढा चांगला कोपरा आहे."

वहिनी एरंडीची वाळकी पानं खुडत होत्या. त्या मागे न वळताच म्हणाल्या, "बुडाची माती तुमच्याच वावरातली हाये, भाऊजी."

मला समजेना. मग त्यांनी सांगितलं. बराकींच्या मागे तेलाच्या पिंपांचं कोठार होतं, आणि पिंपं वर्षानुवर्षं गळत होती. जमीन मिळाली त्या उन्हाळ्यात नवरा-बायकोनं आधी वरचा वाटा खणला. खालच्याला वाटणीपर्यंत हातसुद्धा लावला नाही. "लहान्याच्यानं हे काम होनार नाई, म्हने. त्याले साफ द्यू, खालचं निस्तराले मी हावो. घमेलं मीच वाह्यलं ना डोक्यावर. महिनाभर केसाचा वास गेला नाई. तुमाले सांगू नको म्हनले, म्हून नाई सांगतलं."

मी खाली बसलो. ज्याला मी चारचौघांत गड म्हणत होतो, त्याच्या बुडाशी माझा वाटा होता. थोरला वाटे पाडतो ते लबाडी होऊ नये म्हणून, आणि माझ्या भावानं तिथेच एकदा लबाडी केली, ती माझ्यासाठी. मी म्हणालो, "मग तर मला नेलीच पाहिजे, वहिनी. माझी आहे ना ती माती."

"कुटं टाकसान?" त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "वावर तं तुमी इकलं."

निघताना भाऊची काही आठवण द्या म्हटलं, तर त्यांनी तो गडवा दिला. मी ढिगाच्या बुडाचं एक ढेकूळही रुमालात बांधून आणलं. वाशीमला, त्या वरच्या वाट्याच्या पैशात बांधलेल्या घरात, खिडकीशी बसून गडव्यात ते सोडलं आणि भाऊसारखी वाट बघितली. तवंग आला... निळा, जांभळा, हिरवा. चार-पाच दिवसांनी बायको म्हणाली, वास येतोय, ओतून टाका ते पाणी. गडवा घेऊन मी अंगणात गेलो. तिथे आमची तुळस नाही, पण बायकोची मेथी-कोथिंबीर आहे, पलीकडे शेजाऱ्यांचा हापसा आहे, आणि नालीतलं पाणी खाली दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जातं. एका ढेकळाचं पाणी ते. सगळीकडे फिरून मी तसाच आत आलो. गडवा अजून खिडकीतच आहे.